वेल्ड शाबूत, पण शेजारचं लोखंड तुटतं: पुन्हापुन्हा तुटणाऱ्या जोडाचं निदान

चाळीस मिलिमीटर व्यासाची पिन, सोळा मिलिमीटरची प्लेट आणि दोघांना जोडणारा गोल फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड. मशीनच्या एका लिव्हरवरचा साधा जोड. पहिल्यांदा तुटला तेव्हा दीड महिना चालला होता. आम्ही घासून पुन्हा भरला, जरा जाड भरला. तीन आठवडे चालला. मग आणखी जाड भरला, आणि या वेळी ‘भारीतला’ म्हणून ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरला. नऊ दिवस. तिन्ही वेळा वेल्ड प्लेटला घट्ट चिकटलेला, आणि पिन मात्र वेल्डच्या कडेला लागून खडूसारखी कडकन मोडलेली.

‘वेल्डला काही झालं नाही, लोखंडच खराब निघालं’ असं त्या वेळी मीही म्हणालो होतो. ते अर्धंच खरं होतं. लोखंड खराब होतं, पण आणलं तेव्हा नव्हतं. आम्ही वेल्ड मारताना ते खराब केलं होतं, आणि प्रत्येक दुरुस्तीत थोडं जास्त.

आधी तुकडा बघा, ग्राइंडर नंतर

जोड तुटला की हात पहिल्यांदा ग्राइंडरकडे जातो. जरा थांबा. काय घडलं ते फक्त त्या तुटलेल्या पृष्ठभागाला ठाऊक असतं, आणि आपण पहिल्या दोन मिनिटांत ते घासून टाकतो. दोन तुकडे एकमेकांवर बसवूनही बघू नका, खुणा पुसल्या जातात. थिनरने तेल-माती हलकेच धुवा, तिरक्या उजेडात फोटो काढा, मग पुढचं.

सगळ्यात आधी बघायचं ते कुठून तुटलं. वेल्डच्या मधोमध उभा चिरला असेल तर दोष भरलेल्या धातूत आहे. घसा, म्हणजे वेल्डची सगळ्यात कमी जाडी, कमी पडला असेल (६ मिलिमीटर पायाच्या फिलेटचा घसा जेमतेम ४.२ मिलिमीटर असतो, हे बरेच जण विसरतात), वेल्डचं मूळ, म्हणजे तळाचा कोपरा, भरलं नसेल, किंवा वेल्ड गोठतानाच तो गरम असताना तडकला असेल. गरम असताना पडलेल्या तड्याच्या आतल्या बाजूवर निळसर-काळी झाक दिसते, कारण तो उघडला तेव्हा धातू तापलेला होता आणि हवेने त्यावर ऑक्साइड चढवलं. वेल्ड आणि मूळ धातू यांच्या सीमेवरून साल निघावी तसा जोड सुटला असेल, पृष्ठभाग गुळगुळीत असेल, मध्ये स्लॅगच्या (रॉडच्या आवरणाच्या वितळून गोठलेल्या मळाच्या) रेघा असतील, तर तो जोड कधी जुळलाच नव्हता. करंट कमी, रॉडचा कोन चुकीचा, गंज किंवा रंग न काढता मारलेला वेल्ड. या दोन्हींचा उपाय वेल्डरच्या हातात आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्यात शिरत नाही.

हे सगळं लिहितोय ते तिसऱ्या प्रकारासाठी: वेल्डच्या कडेपासून एक ते तीन मिलिमीटरवर, मूळ धातूतूनच तुटणं. तिथे आता पृष्ठभागाचा पोत बघा. साखरेच्या दाण्यांसारखे चमकणारे सपाट कण दिसले, आणि आजूबाजूला धातू जराही ताणला गेलेला, आकसलेला नसेल, तर तो ठिसूळ तुटलाय. राखाडी, तंतुमय, कडेला ओठ आलेला असा असेल तर निव्वळ भार जास्त झाला. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा एकामागोमाग कमानी दिसल्या तर तडा रोज थोडा-थोडा पुढे सरकत होता, म्हणजे थकवा. त्या कमानी जिथून सुरू होतात तिथे गंज किंवा काळा ठिपका असेल, तर तिथे आधीपासून जुना तडा बसलेला होता.

आमच्या पिनेवर दाणेच दाणे होते, आणि वेल्डच्या कडेला नखाएवढा एक गंजलेला चंद्रकोरीसारखा डाग. तो डाग मी पहिल्या वेळेला बघितला होता आणि ‘पाणी गेलं असेल’ म्हणून सोडून दिला होता.

नकळत दिलेलं पाणी

लोहार पात्याला पाणी देतो म्हणजे काय करतो? लाल होईपर्यंत तापवतो आणि एकदम थंड करतो. पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून नंतर तो ते पुन्हा हलकं तापवून थोडं पाणी उतरवतो. वेल्ड मारताना आपण नेमकं यातलं पहिलं काम करतो आणि दुसरं करत नाही. बादली कुठे दिसत नाही इतकंच. आजूबाजूचं थंड, जाड लोखंड हीच बादली.

वेल्डचा वितळलेला धातू साधारण १५०० अंशांवर असतो. त्याला लागून असलेली मूळ धातूची अरुंद पट्टी वितळत नाही, पण ११०० अंशांच्या वर जाते. तिथे लोखंडाचे कण एकमेकांना गिळत मोठे होतात. त्यापलीकडची पट्टी ९०० ते ११०० च्या दरम्यान जाते. तिथे कण उलट बारीक होतात, आणि ती पट्टी बहुतेक वेळा मूळ धातूपेक्षा चांगली निघते. त्याही पलीकडे ७२७ अंशांच्या वर जेमतेम गेलेला भाग अर्धवट बदलतो, आणि त्यानंतरचा फक्त तापतो. हाताने मारलेल्या वेल्डमध्ये हा सगळा प्रवास काही मिलिमीटरांत उरकतो. या पूर्ण पट्ट्याला कारखान्यात ‘हॅझ’ म्हणतात, उष्णतेने बाधलेला भाग. तुटायची जागा जवळजवळ नेहमी पहिल्या, मोठ्या कणांच्या पट्टीत असते, आणि तिची कड नेमकी वेल्डच्या कडेखाली येते.

आता त्या पट्टीतल्या कार्बनचं काय होतं ते बघू. तापलेल्या अवस्थेत लोखंड बऱ्यापैकी कार्बन पोटात घेऊ शकतं, थंड होत आल्यावर जवळजवळ काहीच नाही: फार तर ०.०२ टक्के. सावकाश थंड झालं तर कार्बन बाहेर पडतो आणि फेराइट-पर्लाइटचे थर तयार होतात, लवचीक आणि सोशिक. झटकन थंड झालं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि लोखंडाची जाळी ताणून धरतो. ही अवस्था म्हणजे मार्टेन्साइट. माइल्ड स्टीलची, म्हणजे कमी कार्बनच्या साध्या पोलादाची, कठीणता १२० ते १५० विकर्स (कठीणता मोजायचं एकक) असते. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात पूर्ण मार्टेन्साइट झालं की ती ६०० च्या पुढे जाते. हॅझ ३५० विकर्सच्या वर गेला की तड्याचा धोका सुरू झाला असं धरतात.

इथे बहुतेकांचा एक समज उलटा बसलेला असतो. जाड तुकडा जास्त भक्कम, म्हणून वेल्डिंगलाही सोपा, असं वाटतं. पातळ पत्रा वेल्डच्या उष्णतेने पूर्ण तापतो आणि निवांत थंड होतो. चाळीसची पिन मात्र ती उष्णता काही सेकंदांत शोषून घेते. ८०० वरून ५०० अंशांवर यायला किती सेकंद लागले यावर कडेचं नशीब ठरतं, आणि जाडीबरोबर ते सेकंद कमी होत जातात.

सगळ्यात वाईट पाणी बसतं ते टाक्यांना, म्हणजे तुकडे जागेवर धरायला मारलेल्या छोट्या वेल्डना. एक सेंटिमीटरचा टाका म्हणजे चिमूटभर उष्णता आणि भोवती थंड लोखंडाचा डोंगर. रॉड पेटतो का हे बघायला पिनेवर मारलेली ठिणगी तर त्याहून घातक. डोळ्याला नुसता ठिपका दिसतो, खाली मात्र वाटाण्याएवढा काचेसारखा कडक डाग असतो.

कडक झालं म्हणून लगेच तुटत नाही

नुसता कडकपणा तडा पाडत नाही. त्याला दोन साथीदार लागतात.

पहिला हायड्रोजन. रॉडच्या आवरणातली ओल, पिनेवरचं तेल, गंज, रंग, हवेतली दमट, या सगळ्यातून तो आर्कमध्ये येतो, सुटा अणू होऊन वितळलेल्या धातूत शिरतो आणि तिथून हॅझमध्ये झिरपतो. मऊ लोखंडातून तो हळूहळू निघून जातो. मार्टेन्साइटमध्ये तो दोषांपाशी, ताणाच्या टोकांपाशी गोळा होतो आणि जाळी आतून कमकुवत करतो. गंमत म्हणजे हे सगळं जोड थंड झाल्यावर, साधारण १५०-२०० अंशांच्या खाली आल्यावर सुरू होतं. म्हणून तडा वेल्ड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही पडतो. संध्याकाळी डाय (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तपासलेला, स्वच्छ निघालेला जोड सकाळी तडकलेला मिळतो आणि आपण रात्रपाळीवर संशय घेतो.

दुसरा साथीदार आकुंचन. पोलाद दर अंशामागे लांबीच्या दशलक्षामागे १२ भागांनी आकसतं. दोन्हीकडून धरून ठेवलेला तुकडा शंभर अंशांनी थंड झाला तर त्यात किती ताण अडकेल? ०.००१२ गुणिले २ लाख (पोलादाचा ताठरपणा), म्हणजे २४० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). माइल्ड स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. वेल्ड तर हजार अंशांहून जास्त थंड होतो. म्हणजे मशीन सुरू होण्याआधीच, बाहेरचा एक किलोही भार नसताना, जोडाच्या आसपासचा धातू आपल्या सोसण्याच्या टोकाला ताणलेला असतो.

कडक पट्टी, हायड्रोजन आणि ताण. तिन्ही एकत्र आले की तडा पडतो. एक जरी काढून घेतला तरी बहुतेक वेळा वाचतो. पुढची सगळी दुरुस्ती या एका वाक्यावर उभी आहे.

हे फक्त छोट्या वर्कशॉपचं दुखणं आहे असं समजू नका. मेलबर्नच्या किंग स्ट्रीट पुलाचा एक गाळा १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी सुमारे ४५ टनांच्या वाहनाखाली खचला. पूल सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. गर्डरच्या खालच्या पट्टीवर मजबुतीसाठी जादा प्लेटा वेल्ड केलेल्या होत्या, आणि त्या प्लेटा जिथे संपतात तिथल्या आडव्या फिलेटच्या कडेला, हॅझमध्ये, तडे होते. काही तडे पूल उभा राहण्याआधीपासूनचे. पोलादात कार्बन जास्त, आणि वेल्डिंग करताना त्याची पुरेशी काळजी घेतलेली नव्हती. मजबुतीसाठी लावलेल्या प्लेटेच्या टोकापासूनच पूल तुटला.

मग तिसरा वेल्ड नऊच दिवस का टिकला?

कारण आम्ही दर वेळी तेच केलं, फक्त जास्त जोरात.

पहिल्या दुरुस्तीत तुटलेला पृष्ठभाग वरवर घासला. खाली दोन मिलिमीटर खोल गेलेला बारीक तडा डोळ्याला दिसला नाही, तो तसाच आत राहिला आणि वर नवा वेल्ड बसला. दोन्ही दुरुस्त्यांत वेल्ड जाड केला. जास्त धातू म्हणजे जास्त आकुंचन, आणि फुगीर वेल्डच्या कडेला कोन जास्त तीव्र. म्हणजे जिथे पट्टी सगळ्यात कडक, तिथेच ताणही सगळ्यात जास्त. दुसऱ्या दुरुस्तीत रॉड बदलला. ७०१८ मधला ७० हा आकडा बघून बदलला, आणि तिथेच चुकलो. तो आकडा भरलेल्या धातूच्या ताकदीचा आहे, सुमारे ४९० मेगापास्कल. आमचा भरलेला धातू तुटतच नव्हता, मग तो आणखी ताकदवान करून काय साधणार? ७०१८ चा खरा गुण त्याच्या आवरणात आहे, त्यातून हायड्रोजन फार कमी येतो. पण तो गुण रॉड कोरडा असेल तोवरच. आमचं पाकीट फोडून महिना झाला होता आणि ते खिडकीपाशी पडलेलं होतं. ओला ७०१८ म्हणजे कोरड्या ६०१३ चा, नेहमीच्या साध्या रॉडचा, महागडा भाऊ.

आणि पिन कसली आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. स्टोअरमध्ये ‘एमएस शाफ्ट’, म्हणजे माइल्ड स्टीलचा, असं लिहिलेलं होतं.

हे तुमचंच दुखणं आहे का, ते ठरवा

सगळ्यात स्वस्त परीक्षा कानशीची. नवी कानस घ्या आणि मूळ धातूवर, मग वेल्डवर, मग वेल्डच्या कडेवर एक-एक हात मारा. मूळ धातूवर ती चावते. कडेवर घसरली, नुसता चिरका आवाज आला आणि चमक उठली, तर तिथे पाणी बसलंय. आकडा मिळणार नाही, पण दोन मिनिटांत निदान मिळतं. आमच्या पिनेवर कानस कडेवरून अक्षरशः घसरली.

मग ठिणग्या. ग्राइंडरवर आधी माहितीतलं माइल्ड स्टील लावा, नंतर संशयित तुकडा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या असतात, टोकाला मोजकेच फाटे. कार्बन वाढला की रेघा फुलबाजीसारख्या फुटायला लागतात. एकटा तुकडा बघून अंदाज बांधू नका, शेजारी तुलना हवीच.

रासायनिक तपासणी करता आली तर उत्तमच, कारण मग कार्बन-समतुल्य काढता येतो: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग. उत्तर ०.४० च्या आत असेल तर साधारण जाडीत फारशी चिंता नाही. ०.४० ते ०.६० मध्ये आधी तापवणं भाग आहे. त्यापुढे प्रत्येक पायरी जपून. आमची पिन निघाली ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची: कार्बन ०.४०, मँगनीज ०.८. म्हणजे ०.४० अधिक ०.१३, एकूण ०.५३. हीच पिन ईएन-१९ ची असती तर क्रोमियम आणि मॉलिब्डेनममुळे आकडा ०.८० च्या आसपास गेला असता, आणि मी ती वेल्ड करायलाच घेतली नसती.

डाय पेनिट्रंट मारायचा तर वेल्ड थंड झाल्यावर लगेच नको, ४८ तासांनी मारा. लगेच मारलेला डाय खोटं समाधान देतो.

आणि धातू पोलाद नसेल तर वरची बरीचशी मांडणी उलटी होते, ते लक्षात घ्या. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम वेल्डशेजारी कडक होत नाही, उलट मऊ पडतं. कारखान्यात उष्णता देऊन मिळवलेली ताकद वेल्डची उष्णता घालवते. मूळ ३१० मेगापास्कलचा धातू जोडाशी १६५ च्या हिशेबानेच धरावा लागतो. तिथे आधी खूप तापवणं म्हणजे आगीत तेल. थंड ओढून कडक केलेले बार किंवा पाणी देऊन आणलेल्या प्लेटा यांचंही असंच, वेल्डलगत मऊ पट्टा पडतो. ३०४ स्टेनलेस वेल्डशेजारच्या पट्ट्यात गंजून रेघ पडत असेल तर तो भाग ४२५ ते ८७० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहिला, क्रोमियम कार्बनने पळवलं आणि कणांच्या सीमा उघड्या पडल्या. तिथे ०.०३ टक्क्यांच्या आत कार्बन असलेलं ३०४एल घ्या, विषय संपला. बिडाचं प्रकरण इतकं वेगळं आहे की त्यावर इथे एका वाक्यात बोलणं धोक्याचं ठरेल.

दुरुस्ती, जशी आम्ही तिसऱ्यांदा केली

जुना वेल्ड पूर्ण काढला. नुसता वेल्ड नाही, कडेचा कडक पट्टाही. घासत गेलो, डाय मारत गेलो. लाल रेघ दिसायची थांबल्यावरही आणखी दोन मिलिमीटर खाली गेलो. याला तीन तास लागले, आणि सगळ्या दुरुस्तीत माझ्या मते हेच तीन तास सगळ्यात महत्त्वाचे. तडा आत ठेवून वर कितीही शास्त्रशुद्ध वेल्ड मारला तरी तो तडा वाट बघत बसतो.

मग तापवणं. पिनेला २०० ते २५० अंश. ज्योत वेल्डच्या जागेवर धरून दोन मिनिटांत ‘तापलं’ म्हणू नका. जोडापासून दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटरपर्यंत सावकाश तापवा, ज्योत काढून थोडं थांबा म्हणजे उष्णता आतपर्यंत मुरते, आणि ज्या बाजूने तापवलं त्याच्या उलट बाजूला तापमान बघा. तापमान दाखवणारा खडू पुरतो. थुंकी टाकून ‘चर्र’ झालं की पुरे, असं अजूनही ऐकायला मिळतं. ते शंभर अंशांपुढचं काहीही सांगत नाही. आणि तुकडा पोकळ व दोन्हीकडून बंद असेल तर तापवण्याआधी त्याला भोक पाडा. आत अडकलेली हवा आणि तेल फुटून माणसं जखमी झालेली आहेत.

रॉड ३५० अंशांवर दीड तास भाजले, मग १२० अंशांच्या डब्यात ठेवून एक-एक काढला. भाजण्याचं तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच धरा. ६०१३ ला मात्र ही भाजणी देऊ नका, त्याच्या आवरणाला थोडी ओल लागतेच. ते जळून जातं.

वेल्ड मारताना करंट आणि चाल यांचा हिशेब ठेवला. २४ व्होल्ट, १२० अँपिअर, मिनिटाला १५० मिलिमीटर चाल म्हणजे मिलिमीटरला साधारण १.१५ किलोज्यूल. बारीक रॉडने पळत-पळत मारलं तर हा आकडा अर्ध्यावर येतो आणि कड पुन्हा पाणी पिते. पाठ लाल होईपर्यंत एका जागी रेंगाळलं तर कण बेसुमार मोठे होतात. दोन थरांच्या मध्ये पिन २०० च्या खाली येऊ दिली नाही, ३०० च्या वर जाऊ दिली नाही.

थरांचा क्रम हे यातलं खरं कौशल्य. पहिला थर पिनेवर बसतो आणि तिथे कडक पट्टा तयार करतो, आधी तापवलं असलं तरी थोडा करतोच. दुसरा थर असा टाकायचा की त्याची उष्णता पहिल्याच्या त्या पट्ट्यापर्यंत पोचेल, पण त्याची स्वतःची कड पिनेला न लागता पहिल्या थरावरच पडेल. लोहार पाणी उतरवतो तेच हे काम, फक्त पुढचा थर वापरून. शेवटचा थर तर कधीच पिनेला शिवू द्यायचा नाही. आम्ही आधी फक्त पिनेवर दोन थरांचं अस्तर चढवलं आणि मग त्या अस्तराला प्लेट जोडली. त्यामुळे शेवटच्या, सगळ्यात जास्त आकसणाऱ्या थरांचा ओढा मऊ धातूवर आला.

वेल्ड संपल्यावर ज्योतीने २५० अंशांवर दोन तास धरून ठेवलं, म्हणजे हायड्रोजनला निघून जायला वाट आणि वेळ दोन्ही मिळतो, आणि मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर. ब्लँकेट नसेल तर कोरड्या चुन्यात पुरा. भट्टी असेल तर ६०० अंशांच्या आसपास, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास. त्याने पाणीही उतरतं आणि अडकलेला ताणही बराच सुटतो. पिनेवर बेअरिंग किंवा बुश बसलेलं असेल तर अर्थातच आधी काढा.

दोन दिवसांनी डाय स्वच्छ. कानस कडेवर चावली, मूळ धातूपेक्षा जरा नाखुशीने, पण चावली.

सात महिन्यांनी

तुटला. पुन्हा त्याच कडेला.

या वेळी मात्र मी ग्राइंडरला हात लावला नाही. दाणे नव्हते. कमानी होत्या, सुंदर, एकसारख्या, पिनेच्या खालच्या बाजूच्या एका बिंदूपासून निघून तीन चतुर्थांश व्यास पार करत गेलेल्या, आणि उरलेल्या चतकोरात शेवटचा तुटका भाग. म्हणजे पाण्याचं दुखणं बरं झालं होतं आणि त्याच्या मागे लपलेलं दुसरं पुढे आलं होतं.

थकव्याच्या बाबतीत वेल्ड केलेलं पोलाद फार समतावादी आहे. मूळ धातू कितीही ताकदवान असो, वेल्ड केल्यावर जोडाची थकव्यातली ताकद जवळपास सारखीच राहते. कारण वेल्डच्या कडेला सूक्ष्म खाचा आणि स्लॅगचे कण असतातच, तडा सुरू व्हायला वेगळा मुहूर्त लागत नाही, आणि अडकलेला ताण ती खाच कायम उघडी धरतो. पोलाद बदलून काही मिळत नाही. मिळतं ते ताण कमी करून: जोडाचं आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं. ताण दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर, निम्मा केला तर आठपट.

उत्तर समुद्रातला अलेक्झांडर एल. कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८० रोजी उलटला आणि १२३ माणसं गेली. एका मुख्य ब्रेसिंगला (पाय जोडणाऱ्या नळीला) हायड्रोफोनसाठी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनसाठी, छोटा आधार वेल्ड केलेला होता. थकव्याचा तडा सुरू झाला तो त्या आधाराच्या ६ मिलिमीटरच्या फिलेटपासून. तो फिलेट भार वाहायला होताच कुठे? पण मोठ्या ताणाच्या जागी मारलेला किरकोळ वेल्ड स्वतःपुरता किरकोळ राहत नाही.

कडेची धार काढणं हा एक उपाय आहे. गोल बरने (ग्राइंडरच्या गोल टोकाने) कड इतकी घासायची की दिसणाऱ्या अंडरकटच्या, म्हणजे वेल्डने कडेला खाल्लेल्या खाचेच्या, अर्धा मिलिमीटर खाली जाईल, आणि घासल्याच्या रेघा ताणाच्या दिशेने राहतील, आडव्या नव्हे. आडवी रेघ म्हणजे आपणच पाडलेली नवी खाच. याने आयुष्य वाढतं, आणि जिथे जोड हलवता येत नाही तिथे हे कराच.

आमच्याकडे जोड हलवता येत होता. पिन जिथे प्लेटमधून बाहेर येते तिथेच वाकवणारा भार सगळ्यात जास्त, आणि आम्ही नेमका तिथेच वेल्डचा हार घातला होता. शेवटी प्लेटला माइल्ड स्टीलची जाड कॉलर वेल्ड केली, कॉलर-प्लेटचा तो वेल्ड पिनेपासून मोठ्या व्यासावर असल्याने त्यावरचा ताण कमी झाला, आणि ईएन-८ ची पिन कॉलरमध्ये घट्ट बसवून मागून दोन बोल्टने धरली. पिनेवर आता वेल्ड नाही, टाका नाही, ठिणगीही मारायची नाही असं खडूने लिहून ठेवलंय. पिन आता तुटत नाही, झिजते. झिजली की दोन बोल्ट काढून दुसरी टाकायची, वीस मिनिटांचं काम.